खमिराचे वय

अमेरिकेत कार्ल ग्रिफिथ नावाचे एक निवृत्त हवाईदल अधिकारी होते. स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक रिकामे पाकीट कोणीही त्यांच्याकडे पाठवावे. काही दिवसांनी त्याच पाकिटातून चिमूटभर वाळलेले पीठ घरी येई. त्यासाठी पैसे पडत नसत. त्या पिठात पाणी आणि गव्हाचे ताजे पीठ कालवून उबदार जागी ठेवले की एकदोन दिवसांत त्यातून बुडबुडे येऊ लागत आणि त्यावर पाव फुगवता येई. ग्रिफिथ सांगत की हे खमीर १८४७ साली मिसूरीहून पश्चिमेकडे निघालेल्या तांड्याबरोबर ओरेगॉनला आले. तांड्यातल्या त्यांच्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यांची पणजी करत असे, तेव्हा ते तिच्याच सामानात असावे असा त्यांचा अंदाज होता. ते स्वतः दहा वर्षांचे असताना मेंढपाळांच्या तळावर या खमिराचा पाव करायला शिकले. २००० साली ते वारले, पण त्यांच्या स्नेह्यांनी पाकिटे पाठवण्याचे काम पुढे चालू ठेवले.

आता प्रश्न असा, की त्या चिमटीत १८४७ सालचे नेमके काय असते? प्रश्न गमतीचा वाटला तरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने तो चांगला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की पिष्ट, विकरे, लोकसंख्येची वाढ, उत्क्रांती अशा शाळेत शिकवल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी वाटेत भेटतात.

पावाचे विरजण

युरोप-अमेरिकेत घरी पाव भाजणारे लोक ज्याला सावरडो स्टार्टर म्हणतात, त्याला मराठीत खमीर हा शब्द आहेच. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘बेखमीर भाकरीचा सण’ माहीत असतो, त्यातले हे खमीर. गव्हाचे किंवा राय नावाच्या धान्याचे पीठ आणि पाणी साधारण सारख्या वजनाने कालवायचे, काही दिवस आंबू द्यायचे, आणि मग रोज त्यातला थोडा भाग ठेवून बाकीचा पावासाठी वापरायचा किंवा टाकून द्यायचा. ठेवलेल्या भागाला पुन्हा पीठ-पाणी घालायचे. याला तिकडे ‘खाऊ घालणे’ असेच म्हणतात. प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आदल्या दिवशीचे पीठ राखून त्यावर दुसऱ्या दिवशीचा पाव करण्याची रीत लिहून ठेवली आहे. १८६८ साली अमेरिकेत फ्लायश्मन यांनी दाबून वड्या केलेले यीस्ट विकायला सुरुवात केली. अशा तयार यीस्टचा प्रसार होईपर्यंत बऱ्याच घरांत पाव फुगवण्याचे साधन हेच होते. गोव्यात पोदेर लोक याच कामासाठी माडाची सूर वापरत. तिथेही फुगवणारे जीव यीस्टच. फक्त ते झाडावरून उतरत.

वाचकांना हे सगळे दह्याच्या विरजणासारखे वाटेल, आणि तुलना बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण एक मोठा फरक आहे, तो विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. विरजण लावण्यापूर्वी आपण दूध तापवतो. दुधातले बहुतेक जीवाणू त्यात मरतात आणि विरजणातल्या जीवाणूंना जवळजवळ मोकळे मैदान मिळते. खमिराला घातलेले पीठ मात्र कच्चे असते. दाण्याच्या सालीवरून दळताना आलेले असंख्य जीवाणू आणि बुरशीचे कण त्यात जिवंत असतात. म्हणजे खमिराला खाऊ घालताना आपण दर वेळी नव्या पाहुण्यांची एक फौजच घरात घेतो. तरीही जुने रहिवासी टिकतात कसे, हे पुढे पाहू.

दुसरा फरक माणसांचा आहे. आपल्याकडे विरजण बिघडले तर शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणतात आणि ते किती जुने आहे असे कोणी विचारत नाही. खमिराच्या बाबतीत मात्र लोक वय सांगतात, घराणे सांगतात, बरणीला नाव ठेवतात. इटालियन आणि स्पॅनिश भाषांत त्याला ‘आई’ या अर्थाचा शब्द लावतात, तर फ्रेंचमध्ये ‘प्रमुख’ या अर्थाचा. क्लॉन्डाइकच्या सोन्याच्या शोधात १८९६ नंतर उत्तरेला गेलेले लोक कडाक्याच्या थंडीत खमिराचे भांडे रात्री अंगाशी धरून झोपत. पुढे तिकडे मुरलेल्या जुन्या माणसालाच ‘सावरडो’ म्हणू लागले. स्टॉकहोममध्ये, गावाला जाणाऱ्यांची खमिरे सांभाळण्याची सोय एका दुकानाने केली होती. तिला ‘खमिराचे हॉटेल’ असेच नाव होते. २०२० साली कोविडमुळे घरात अडकलेल्या लाखो लोकांनी, दुकानातले यीस्ट संपल्यावर, नवी खमिरे सुरू केली. त्यातली बरीच वर्षभरात कचऱ्यात गेली असणार, पण जी राहिली ती घरातल्या माणसासारखी राहिली.

बरणीतली जोडी

खमिराच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १०० कोटी जीवाणू आणि सुमारे १ कोटी यीस्ट पेशी असतात. एका यीस्टमागे शंभर जीवाणू. यीस्टची पेशी आकाराने बरीच मोठी असते, त्यामुळे हे प्रमाण वाटते तितके एकतर्फी नसते. हे दोघे एकाच बरणीत, एकाच अन्नावर, वर्षानुवर्षे भांडण न करता कसे राहतात?

याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोमधून आले. तिथला आंबट पाव प्रसिद्ध आहे. १८४९ पासून चालू असलेली एक बेकरी सांगते की १९०६ च्या भूकंपाच्या वेळी मालकिणीने खमीर बादलीत घालून वाचवले आणि आजचे खमीर त्याचेच वंशज आहे. हा पाव दुसऱ्या गावी जमत नाही, याला इथले धुकेच लागते, असे बेकरीवाले मानत. जवळच असलेल्या अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत लिओ क्लाइन आणि टी. एफ. सुगिहारा यांनी ही गोष्ट तपासायला घेतली आणि १९७० व १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खमिरातले यीस्ट त्यांना वेगळे काढता आले. आम्ल तयार करणारा जीवाणू मात्र नेहमीच्या पोषक द्रावणात नीट वाढेना. या द्रावणात साखर म्हणून बहुधा ग्लुकोज असते. या जीवाणूला हवी होती माल्टोज, आणि शिवाय यीस्टपासून काढलेला ताजा अर्क.

माल्टोज कुठून येते? गव्हाच्या पिठातच अमायलेज नावाचे विकर असते. पीठ ओले झाले की ते कामाला लागते आणि पिष्टाची लांब साखळी तोडून माल्टोजचे तुकडे पाडते. माल्टोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू जोडलेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खमिरातले यीस्ट, ज्याला आज कझाकस्तानिया ह्युमिलिस म्हणतात, ते माल्टोज वापरूच शकत नाही. जीवाणू वापरतो, पण वापरताना त्यातला काही ग्लुकोज पेशीबाहेर सांडतो. हा सांडलेला ग्लुकोज यीस्ट उचलते. म्हणजे एकाच ताटात बसूनही दोघांचे घास वेगळे. जीवाणू लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ले तयार करतो. खमिराचा सामू, म्हणजे पीएच, ४ च्या खाली येतो. पिठाबरोबर आलेल्या बहुतेक नव्या पाहुण्यांना एवढे आम्ल सोसवत नाही. हे यीस्ट मात्र ॲसेटिक आम्ल चांगले सोसते. जुने रहिवासी टिकतात ते असे. घराचे दार उघडे असले तरी आतली हवा इतरांना मानवत नाही. शिवाय आकड्यांचे बळही असतेच. नवा पाहुणा हजारांत येतो, जुने कोटींत असतात.

या जीवाणूला त्या शहरावरून सॅनफ्रान्सिसेन्सिस हे नाव मिळाले. २०२० मध्ये त्याच्या प्रजातीचे नाव बदलून फ्रुक्टिलॅक्टोबॅसिलस झाले, पण पुढचे नाव तेच राहिले. धुक्याचा सिद्धांत मात्र टिकला नाही. हाच जीवाणू फ्रान्स, इटली, जर्मनी आणि चीनमधल्या खमिरांतही सापडतो. बेकरीवाल्यांच्या अभिमानाला यामुळे फारसा धक्का बसल्याचे दिसत नाही.

जुने म्हणजे काय

आता वयाकडे येऊ. हिशेब सोपा आहे आणि आठवी-नववीच्या मुलांना करता येण्यासारखा आहे.

समजा बरणीत १०० ग्रॅम खमीर आहे, त्यात ५० ग्रॅम पाणी. ५० ग्रॅम पाण्यात रेणू किती? १८ ग्रॅममध्ये अव्होगाड्रो संख्येइतके, म्हणून ५० ग्रॅममध्ये सुमारे १७ वर २३ शून्ये इतके. रोज १० ग्रॅम ठेवून ९० ग्रॅम काढले आणि तेवढेच ताजे पीठ-पाणी घातले, तर मूळ पाण्याचा दररोज दहावा हिस्सा उरतो. पंचवीस दिवसांनी मूळ पाण्याचा एकही रेणू बरणीत उरला नसेल, असे धरायला हरकत नाही. दहाव्याऐवजी तिसरा हिस्सा ठेवला तर हे व्हायला सुमारे ५१ दिवस लागतील. पिठाच्या कणांची संख्या पाण्याच्या रेणूंपेक्षा फार कमी, म्हणून ते त्याहून आधीच संपतील. तेव्हा १८४७ सालचे द्रव्य त्या चिमटीत काहीही नाही. ते त्याच वर्षी, तांडा मुक्कामाला पोचण्याआधीच संपले असणार.

मग पेशी? त्याही नाहीत. दहावा हिस्सा ठेवल्यावर बरणी पुन्हा पूर्वीइतकी भरायची तर पेशींची संख्या दहापट व्हायला हवी, म्हणजे साधारण ३.३ वेळा दुप्पट. प्रत्येक वेळी खाऊ घातल्यावर ३.३ पिढ्या जातात. आठवड्यातून एकदाच खाऊ घातले तरी वर्षाला सुमारे १७० पिढ्या होतात, आणि १८४७ पासून सुमारे ३० हजार. मधे वाळवून ठेवलेले काळ असतील तर संख्या कमी होईल, पण आकड्याचा अंदाज यावरून येतो. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर ३० हजार पिढ्या म्हणजे साडेसात लाख वर्षे. तेवढ्या काळापूर्वी आपली जात अस्तित्वातही नव्हती.

तेव्हा खमिराचे वय सांगताना आपण प्रत्यक्षात घराण्याचे वय सांगत असतो. घराणे जुने असू शकते. पण ३० हजार पिढ्यांत घराणे जसेच्या तसे राहील का? या प्रश्नासाठी एक सुंदर प्रयोग उपलब्ध आहे. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलाय या जीवाणूच्या बारा वसाहती बारा चंबूंत सुरू केल्या. दररोज प्रत्येक चंबूतला शंभरावा हिस्सा ताज्या द्रावणात घालायचा, एवढेच काम. खमिराला खाऊ घालणे आणि हे, यात तत्त्वतः काहीच फरक नाही. २०२२ मध्ये हा प्रयोग मिशिगनमधून टेक्ससमधल्या प्रयोगशाळेत गेला. तोपर्यंत ७० हजारांहून अधिक पिढ्या झाल्या होत्या. बाराही वसाहती बदलल्या; सगळ्यांची वाढ मूळ पूर्वजापेक्षा वेगाने होऊ लागली. ऑक्सिजन असताना सायट्रेट वापरता न येणे हे ई. कोलायचे ओळखीचे लक्षण आहे. एका वसाहतीला सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर ते वापरता येऊ लागले. म्हणजे १८४७ च्या आपल्या हिशेबाइतक्याच पिढ्या.

लेन्स्की यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. दर ५०० पिढ्यांनी प्रत्येक वसाहतीचा नमुना गोठवून ठेवला. गोठलेले जीवाणू पुन्हा जिवंत करता येतात, त्यामुळे आजच्या वंशजाची त्याच्या पूर्वजाशी शर्यत लावता येते. ओरेगॉनच्या वाटेवर असे काही गोठवलेले नाही, म्हणून १८४७ चे खमीर किती बदलले हे सांगण्याचा मार्ग बंद आहे. आजच्या खमिरांसाठी मात्र तो उघडला आहे. बेल्जियममध्ये सेंट व्हिथ या गावी २०१३ पासून बेकरीचा माल बनवणाऱ्या एका कंपनीने खमिरांचे ग्रंथालय चालवले आहे. कपाटांत पुस्तकांऐवजी बरण्या, थंड तापमानात ठेवलेल्या, जगभरातून आलेल्या शंभराहून अधिक. नमुने खोल थंडीत गोठवूनही ठेवले जातात. इथली एक पद्धत आम्हाला विशेष वाटली. बरणीतल्या खमिराला ग्रंथालयाचे पीठ घालत नाहीत, खमिराचा मालक स्वतःच्या वापरातले पीठ पाठवतो आणि तेच घालतात. पीठ बदलले तर खमीर बदलेल, ही शंका त्यामागे आहे, आणि ती रास्त आहे.

पाचशे बरण्या

जागा आणि वय यांचा खमिरावर किती परिणाम होतो हे एकदोन बरण्यांवरून ठरत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने घरोघरच्या पाव करणाऱ्यांकडून चार खंडांतली ५०० खमिरे मागवली. बहुतेक अमेरिकेतली होती. त्यांच्यातल्या डीएनएवरून कोणते जीव आहेत हे ओळखले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भौगोलिक ठिकाणाचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. शेजारच्या गावातली दोन खमिरे परस्परांहून वेगळी, तर हजारो किलोमीटरवरची दोन सारखी, असे सहज घडत होते. वय, किती वेळा खाऊ घालता, कोणते धान्य, बरणी कुठे ठेवता, ही सगळी माहिती एकत्र धरूनही खमिराखमिरांतल्या फरकाचा थोडाच भाग समजावता आला.

याच अभ्यासात दोन गोष्टी अनपेक्षित निघाल्या. पहिली अशी की चारांपैकी तीन खमिरांत नेहमीचेच बेकरीचे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई, सापडले. ते माल्टोज स्वतः वापरू शकते. म्हणजे वर सांगितलेली, घास वाटून घेणारी जोडी सुंदर खरी, पण ती खमिराची एक तऱ्हा आहे, एकमेव तऱ्हा नव्हे. पाठ्यपुस्तकी उदाहरणांचे बहुधा असेच होते. दुसरी गोष्ट म्हणजे सुमारे २९ टक्के खमिरांत ॲसेटिक आम्ल करणारे जीवाणू होते. व्हिनेगर तयार करणारे हे जीव, त्यांच्याकडे खमिराच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिले नव्हते. पण ते असले की वास बदलतो आणि पीठ फुगण्याचा वेग मंदावतो, असे दिसले.

मग एका खमिरात हे जीव आणि दुसऱ्यात ते, हे ठरते कशाने? काही अंशी नशिबाने. नवे खमीर सुरू होताना कोण आधी पोचला याला फार महत्त्व असते. जो आधी येतो तो परिस्थिती आपल्याजोगी करून घेतो. पण नशीब वगळून एक धागा आणखी दिसतो, आणि तो बरणी सोडून माणसाकडे जातो.

२०१७ साली रॉब डन आणि ॲन मॅडन यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या १५ व्यावसायिक पाव करणाऱ्यांना एकाच पोत्यातले म्हणावे असे सारखे पीठ पाठवले. प्रत्येकाने घरी किंवा बेकरीत, एकाच पद्धतीने, नवे खमीर तयार केले आणि ते घेऊन सगळे सेंट व्हिथला जमले. तिथे खमिराबरोबर त्यांच्या हातांवरचेही नमुने घेतले. पीठ सारखे, पद्धत सारखी, तरी पंधरा खमिरे परस्परांहून वेगळी. त्याहून चकित करणारे होते ते हात. सर्वसाधारण माणसाच्या हातावरच्या जीवाणूंत लॅक्टिक आम्ल करणाऱ्या लॅक्टोबॅसिलस गटाचे प्रमाण दोनतीन टक्के असते. या लोकांच्या हातांवर ते २५ ते ८० टक्के निघाले. त्यांच्या हातांवर पाव फुगवणारी यीस्टही मोठ्या संख्येने होती. खमिराला वर्षानुवर्षे हात लावून त्यांचे हातच खमिरासारखे झाले होते.

हातांवरचे जीव खमिरात गेले की खमिरातले हातांवर आले? पंधरा माणसांच्या अभ्यासावरून हे ठरवता येणार नाही. बहुधा दोन्ही होत असावे. संख्या थोडी आहे, आणि पीठच मुख्य स्रोत आहे हेही विसरता कामा नये. तरी ‘माझे खमीर माझ्यासारखे आहे’ असे म्हणणाऱ्या बाईला हसण्याआधी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी आता थांबावे लागेल.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. माणूस खमिराला पाळतो हे खरे, पण खमिरातल्या जीवाला माणसाची गरज किती आहे? सॅनफ्रान्सिसेन्सिस जीवाणूच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला. तो सुमारे १३ लाख अक्षरांचा निघाला. ई. कोलायचा ४६ लाखांचा असतो. लॅक्टोबॅसिलस कुळात त्या वेळी माहीत असलेला हा सर्वांत लहान जनुकसंच होता. जे पोषक पदार्थ खमिरात आयते मिळतात, ते तयार करण्याची जनुके जपून ठेवण्याचे कारण उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती गळून जातात. खमिराबाहेर, उघड्या निसर्गात हा जीवाणू फार क्वचित सापडतो. रेशमाच्या किड्याचे पतंग माणसाच्या सांभाळाखाली उडणे विसरले आहेत, त्याच तऱ्हेची ही गोष्ट दिसते. आमच्या मते खमिराच्या वयाच्या दंतकथांपेक्षा ही वस्तुस्थिती अधिक थक्क करणारी आहे. एक सजीव प्रजाती, जिचे मुख्य निवासस्थान म्हणजे बेकरीतले पातेले आणि कोणाच्या तरी ओट्यावरची बरणी, आणि ज्या प्रजातीचे उद्याचे जेवण कोणाला तरी आठवण राहण्यावर अवलंबून आहे.

तेव्हा ग्रिफिथ यांच्या पाकिटात १८४७ सालचे काय होते? द्रव्य नव्हते, पेशी नव्हत्या, बहुधा त्या वेळचे हुबेहूब गुणधर्मही नव्हते. न तुटलेली वंशसाखळी असू शकेल. पण मधल्या काळात नव्या जीवांनी जुन्यांची जागा घेतली नसेलच असे कोणी सांगू शकत नाही. ज्याबद्दल शंका घ्यायला जागा कमी आहे ती गोष्ट एवढीच, की पणजीपासून पणतूपर्यंत कोणी ना कोणी त्याला पीठ घालत आले. बेकऱ्या जाहिरातींत दोनशे वर्षांचे खमीर म्हणून पावाची किंमत वाढवतात, तेव्हा ग्राहक नेमका याच परंपरेचा पैसा देतो. चवीत ते वय उतरते याला आधार नाही. आठ आठवडे नीट सांभाळलेले खमीर चवीला शंभर वर्षांच्या खमिराला हार जाईलच असे नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

चक्कीवरचे गव्हाचे पीठ यासाठी मैद्याहून चांगले, कारण दाण्याच्या सालीबरोबर सूक्ष्मजीवही अधिक येतात. काचेच्या बरणीत ५० ग्रॅम पीठ आणि उकळून गार केलेले ५० ग्रॅम पाणी कालवा. नळाच्या पाण्यातला क्लोरिन जावा म्हणून उकळायचे. बरणीला पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा. रोज ठरावीक वेळी २० ग्रॅम ठेवून त्यात ४० ग्रॅम पीठ आणि ४० ग्रॅम पाणी घाला. उंची, वास आणि पीएच कागदाचा रंग वहीत लिहून ठेवा. मुलांनी चव घेऊ नये.

दुसऱ्या दिवशीच भरपूर बुडबुडे येतील आणि मुले खूश होतील. पण हे यीस्ट नव्हे. पिठातलेच काही जीवाणू सुरुवातीला झपाट्याने वाढतात आणि वायू सोडतात. वासही चांगला नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे शांत होते. इथे बहुतेक लोक खमीर मेले समजून टाकून देतात. प्रत्यक्षात आम्ल वाढल्यामुळे पहिली मंडळी मागे पडलेली असतात आणि आम्ल सोसणारे जीव वाढत असतात. पीएच कागद हे स्पष्ट दाखवील. खाऊ घालणे चालू ठेवले तर साधारण आठवड्याभरात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर, फळासारखा आंबूस वास येऊ लागतो आणि पीठ रबरबँडच्या दुप्पट वर चढते. ३० अंशांच्या वर तापमान असेल तर दिवसातून दोनदा खाऊ घालावे लागेल, नाहीतर खमीर उपाशी राहून फार आंबट होते.

दुसऱ्या बरणीत चकलीसाठी वाफवतात तसे कुकरमध्ये वाफवून चाळलेले पीठ घ्या, बाकी सर्व तसेच करा. दोन्ही बरण्यांतला फरक पाहून, खमिरातले जीव मुख्यतः हवेतून येतात की पिठातून, यावर वर्गात चर्चा होऊ शकेल. चर्चेत एखाद्या चलाख मुलाने विचारले की वाफेने पिठातले अमायलेजही निकामी झाले असणार, मग ही तुलना बरोबर कशी, तर त्याला शाबासकी द्यावी आणि तिसरी बरणी कशी असावी हे त्यालाच ठरवू द्यावे.

तीन-चार मुलांनी एकाच डब्यातले पीठ घरी नेऊन आपापल्या हाताने कालवून आठवडाभर सांभाळले तर पंधरा पाव करणाऱ्यांच्या प्रयोगाची छोटी आवृत्ती होईल. डीएनए तपासता आले नाही तरी वास आणि फुगण्याचा वेग यांत फरक दिसतो का हे पाहता येते.

झाकण घट्ट लावू नये, वायूने बरणी फुटू शकते. वर करडे पाणी साचले तर घाबरायचे कारण नाही, ते भुकेचे लक्षण आहे; ओतून टाकून खाऊ घालावे. गुलाबी किंवा केशरी छटा दिसली, किंवा लवदार बुरशी आली, तर बरणीतले सगळे टाकून द्यावे. सुट्टीत बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर आठवड्यातून एकदा खाऊ घालून भागते. त्याहून मोठी सुट्टी असेल तर खमीर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवावे, चुरून डबीत भरावे आणि डबीवर तारीख लिहावी.